रात्री साडेदहानंतरचा अ‍ॅम्प्लिफायर

रात्री साडेदहानंतर आमच्या घरातले स्पीकर बंद होतात. फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी तान्हं मूल, आणि विलंबित ख्याल तर सगळं निजल्यावरच ऐकावासा वाटतो. त्यामुळे गेली कित्येक वर्षं माझं निवांत ऐकणं हेडफोनवरच चालतं. सुरुवातीला मी जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या बाजूला जो हेडफोनचा सॉकेट असतो, त्यातच पिन खुपसायचो. पण त्यातून ऐकताना डग्गा नेहमी फुगलेला वाटायचा. स्पीकरवर घुमारा जिथल्या तिथे असायचा. हेडफोनवर तोच गायकाच्या आवाजावर चढून बसायचा. आधी मी हेडफोनला दोष दिला, मग रेकॉर्डिंगला. शेवटी एका रविवारी प्लग काढून, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबून, अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं.

सॉकेटच्या मागे दोन रेझिस्टर होते, डाव्या-उजव्या चॅनेलला एकेक. अंगावर नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्टे. म्हणजे ३३० ओहम. त्यांची दुसरी टोकं थेट स्पीकरच्या आउटपुटला जोडलेली. हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आत नव्हताच. स्पीकर हलवणारा मोठा अ‍ॅम्प्लिफायर होता, आणि त्याचा जोर हेडफोनला झेपावा म्हणून मध्ये घातलेले हे दोन रेझिस्टर. जुन्या काळच्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हीच सोय असे. ती स्वस्त होती, टिकाऊ होती, आणि तेव्हाचे पुष्कळ हेडफोन असाच सॉकेट गृहीत धरून बनवलेले असत. १९९६च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा हेडफोनच्या सॉकेटमागे १२० ओहमचा रोध असावा अशी शिफारस होती.

हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का आणि कुठला, हा प्रश्न मला त्या दोन रेझिस्टरांपासून सोडवावासा वाटतो. दुकानात गेलं की बोलणं वॉटपासून सुरू होतं. माझ्या अनुभवात वॉट हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो, आणि पुष्कळदा तो बघावाच लागत नाही.

डग्गा का फुगत होता, ते आधी बघू. माझा हेडफोन सेनहायझरचा एचडी ६५०. त्याच्या खोक्यावर ३०० ओहम असं छापलेलं आहे, पण तो रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. हेडफोनच्या आतला पडदा ज्या कंप्रतेला आपसूक डोलतो, तिथे रोध चढतो. या हेडफोनमध्ये ती जागा १०० हर्ट्झच्या आसपास आहे, आणि तिथे रोध सुमारे ५०० ओहमपर्यंत जातो. आता मागे ३३० ओहमचा रेझिस्टर उभा आहे. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेला व्होल्टेज रेझिस्टर आणि हेडफोन दोघांत वाटला जातो, आणि ज्याचा रोध जास्त त्याला वाटा जास्त. मधल्या स्वरांना हेडफोनकडे ६३० पैकी ३०० भाग येतात, म्हणजे निम्म्याहून थोडे कमी. १०० हर्ट्झला ८३० पैकी ५०० येतात, म्हणजे साठ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक दोनचा होतो. दोन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण डग्ग्याची जान नेमकी याच पट्ट्यात असते. तिथे दोन डेसिबल वाढले की तबलजी गायकाच्या पुढे येऊन बसतो.

या मागच्या रोधाला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर निवडताना मी पहिल्यांदा हाच आकडा शोधतो. साधा आडाखा असा: हेडफोनचा रोध जेवढा, त्याच्या आठव्या हिश्शाहून आउटपुट इम्पीडन्स कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम, ३००च्या हेडफोनला ३७ चालेल. चांगल्या आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो एक ओहमच्याही खाली असतो, म्हणजे कुठलाही हेडफोन लावा, काळजी नको. कानात घालायच्या छोट्या इअरफोनच्या बाबतीत मात्र हा नियम कडकपणे पाळावा लागतो. ज्या इअरफोनमध्ये तीन-चार ड्रायव्हर असतात त्यांचा रोध स्वरागणिक खालीवर उड्या मारतो. समजा एखाद्याचा तो कुठे ८ ओहम आहे आणि कुठे ४०. मागे नुसता १० ओहमचा रोध असला तरी दोन जागांमध्ये पाच डेसिबलचा फरक पडतो. मग तो इअरफोन बनवणाऱ्याने ज्या स्वरूपात बसवला, त्या स्वरूपात आपल्याला कधी ऐकूच येत नाही. उलट प्लेनर जातीच्या हेडफोनमध्ये सपाट पडद्यावर तारेची नक्षी असते आणि त्यांचा रोध जवळजवळ सगळीकडे सारखा असतो. त्यांच्या स्वरांचा तोल मागच्या रोधाने फारसा ढळत नाही. फक्त आवाज कमी होतो.

आता ताकदीकडे येऊ. माझ्या भाच्याने मध्यंतरी विचारलं, "मामा, तीनशे ओहमचा हेडफोन फोनवर वाजणारच नाही ना?" हा समज सगळीकडे आहे: ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड. तो अर्धाच खरा आहे. हेडफोन किती जड हे दोन आकडे मिळून ठरतं. एक रोध, दुसरी संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती आवाज निघतो. हा दुसरा आकडा कंपन्या दोन तऱ्हांनी छापतात आणि तिथेच गोंधळ होतो. कुणी एक मिलिवॉटला किती डेसिबल ते लिहितात, कुणी एक व्होल्टला किती ते. दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करून चालत नाही. मिलिवॉटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर ३२ ओहमच्या हेडफोनला त्यात १५ मिळवायचे, ३००ला साधारण ५, आणि ६००ला २. एवढं केलं की सगळे हेडफोन एका तराजूत येतात.

मी भाच्याला वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब करून दाखवला, तो इथे तसाच मांडतो. आधी ठरवायचं, जास्तीत जास्त किती मोठा आवाज हवा. शांत खोलीत आपण सरासरी ७० ते ७५ डेसिबलला ऐकतो. संगीतातले क्षणिक ठोके, तबल्याची चाट किंवा तिहाईचा शेवट, सरासरीच्या वर वीस डेसिबल सहज जातात. म्हणजे ९५. त्यावर भरपूर राखीव ठेवून ११० धरू. एवढ्या मोठ्याने ऐकायचं असा याचा अर्थ नाही. तो क्षणभराचा कळस, तोही क्वचितच गाठायचा.

एचडी ६५०ची संवेदनशीलता एका व्होल्टला १०३ डेसिबल. ११०साठी आणखी सात डेसिबल हवेत. सात डेसिबल म्हणजे व्होल्टेज २.२ पट. तर २.२ व्होल्ट आणि ३०० ओहम: करंट साडेसात मिलिअँपिअर, पॉवर सुमारे १७ मिलिवॉट. मिलिवॉट, बरं का. एका वॉटचा साठावा भाग.

दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६. रोध फक्त ५० ओहम, म्हणून वरवर हलका वाटतो. पण संवेदनशीलता एका मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. तिथून ११०ला पोचायला साडेसव्वीस डेसिबल चढायचे, म्हणजे सुमारे साडेचारशे मिलिवॉट. व्होल्टेज ४.७, करंट ९५ मिलिअँपिअर. रोध सहापट कमी, पण भूक पंचवीस पटींहून जास्त. काही शौकीन हा हेडफोन सरळ स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात, त्याचं कारण या हिशेबात आहे.

तिसरा, १६ ओहमचा संवेदनशील इअरफोन, एका मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा. त्याला एकच मिलिवॉट पुरतो, म्हणजे सव्वाशे मिलिव्होल्ट. याला ताकद नको, शांतता हवी. त्याबद्दल पुढे.

फोनला लावायची यूएसबी-सीची छोटी दांडी, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, तिच्यातून साधारण एक व्होल्ट मिळतो. म्हणजे भाच्याचा तीनशे ओहमचा हेडफोन तिच्यावर १०३ डेसिबलपर्यंत जाईल. आजच्या भरघोस रेकॉर्डिंगला एवढं पुरतं. मी त्याला सांगितलं, आधी डोंगल लावून महिनाभर ऐक. कमी पडलं तर कुठे कमी पडलं ते लिहून ठेव, मग आपण अ‍ॅम्प्लिफायरचं बघू. ज्याला गरज नाही त्याने पैसे घालू नयेत, हे मी मनापासून सांगतो. त्या पैशात चांगला हेडफोन येतो, आणि आवाजात सगळ्यात मोठा फरक हेडफोनच पाडतो.

मग वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो कुणाला? ज्यांचा हेडफोन एचई-६च्या बाजूचा आहे त्यांना, हे उघडच. पण आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना तो एका वेगळ्याच कारणाने लागतो, आणि माझ्या मते तेच खरं कारण आहे. आपल्या घरात काय काय वाजतं ते बघा. सीडी प्लेयर आहे, त्यातून भरात दोन व्होल्ट येतात. ग्रामोफोन तबकड्यांसाठी टर्नटेबल आहे. त्याचा साधा मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज पाच मिलिव्होल्टच्या आसपास देतो, फोनो प्रीअ‍ॅम्प तो शंभर पट करतो, म्हणजे अर्धा व्होल्ट. सीडीच्या चौथा हिस्सा, बारा डेसिबल खाली. आणि कुणा मित्राने दिलेल्या खाजगी मैफलींच्या ध्वनिफिती असतात, कॅसेटवरून कॅसेटवर आणि तिथून संगणकावर उतरवलेल्या. उतरवणाऱ्याने आवाज फाटू नये म्हणून लेव्हल खाली ठेवलेली असते. अशा मैफलीचा सर्वांत मोठा ठोकासुद्धा पूर्ण पातळीच्या दहा डेसिबल खाली असतो. तेव्हा डोंगलच्या एका व्होल्टमधला जेमतेम तिसरा हिस्सा हेडफोनपर्यंत पोचतो, आणि आलाप कानाशी आल्यासारखा वाटतच नाही. आवाजाची पट्टी फोनवर शेवटपर्यंत सरकवलेली असते आणि तरी हात आणखी वर जाऊ पाहतो.

अशा वेळी लोक म्हणतात, ताकद कमी पडते. कमी पडतो तो गेन. ताकद म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर शेवटी किती व्होल्ट आणि किती करंट देऊ शकतो. गेन म्हणजे आत आलेला व्होल्टेज किती पटीने वाढवून बाहेर देतो. दोन वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन एकच पट असेल, तर मैफलीच्या त्या मंद फितीवर तो दोन वॉट कधी देणारच नाही. म्हणून घरच्या संचासाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना गेनचं बटण असलेलाच घ्यावा. सीडीला एक पट किंवा त्याच्या आसपास, तबकडीला आणि मैफलींना तीन ते पाच पट. हे बटण कित्येक खोक्यांच्या मागच्या बाजूला किंवा अगदी पोटाखाली दिलेलं असतं. रात्री अंधारात हाताला लागेल असं पुढे असलेलं मला आवडतं.

गेन सतत जास्तच ठेवला तर काय बिघडतं? आवाजाचा नॉब मग घड्याळात आठ वाजलेत तिथेच घुटमळतो. नॉबच्या मागे जो पोटेन्शिओमीटर असतो त्यात डाव्या-उजव्या चॅनेलच्या दोन पट्ट्या असतात, आणि सुरुवातीच्या त्या कोपऱ्यात त्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत. स्वस्त पोटेन्शिओमीटरमध्ये हे जास्त, चांगल्या प्रतीच्यात कमी, पण थोडंफार सगळ्यांत. स्पीकरवर ते कळत नाही, हेडफोनवर लगेच कळतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या सीडी निघाल्या आहेत. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही कानांना तंतोतंत एकच आवाज. हेडफोनवर तो कपाळाच्या मधोमध उभा राहायला हवा. नॉब अगदी खाली घ्या आणि हळूहळू वाढवा. सुरुवातीला आवाज डाव्या कानाकडे कलला आणि पुढे मध्यावर आला, तर पोटेन्शिओमीटरचा तो कोपरा असमान आहे. गेन कमी केला की नॉब आपोआप दहा-अकराच्या पुढे जातो आणि ही अडचण मिटते. काही महागड्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पोटेन्शिओमीटरऐवजी रिले आणि ठरावीक रेझिस्टर असतात. आवाज कमी-जास्त करताना आतून टक्‌टक्‌ ऐकू येते, पण दोन्ही कान शेवटपर्यंत जुळलेले राहतात.

शांततेबद्दल सांगायचं राहिलं होतं. तंबोरा ऐकताना दोन आवाजांच्या मधली जागा महत्त्वाची असते. तिथे जर सूंऽ असा बारीक वारा वाहत असेल, तर जवारीचा तो किणकिणता पदर त्यात हरवतो. संवेदनशील इअरफोनवर हा सूंकार सगळ्यात जास्त उघडा पडतो. तपासायला अ‍ॅम्प्लिफायरला काहीही न जोडता नॉब नेहमीच्या जागी ठेवा आणि मगच इअरफोन कानात घाला. काही ऐकू आलं तर तो अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या इअरफोनसाठी नाही. तीनशे ओहमच्या हेडफोनवर मात्र तोच अगदी नि:शब्द असू शकतो.

दुसरा आवाज घरघरीचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर ५० किंवा १००वर बसते, खर्जातल्या एखाद्या स्वराजवळच. नुसता अ‍ॅम्प्लिफायर शांत आहे आणि सीडी प्लेयर किंवा टीव्ही जोडताच घरघर सुरू झाली, तर दोष बहुधा अ‍ॅम्प्लिफायरचा नसतो. दोन उपकरणांचं आर्थिंग दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला भिडतं आणि तारांचा एक मोठा फेरा तयार होतो. आमच्या घरी हा फेरा सेट-टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलमधून होत होता. ती केबल काढली की घरघर गायब, लावली की हजर. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्याने ती पुष्कळ कमी झाली. काही जण प्लगची जाडी तिसरी पिन काढून घरघर घालवतात. ते कधीही करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

जोडणीबद्दल दोन शब्द. अ‍ॅम्प्लिफायर संचाला कुठे जोडायचा? जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर टेप आउट किंवा रेक आउट लिहिलेली जोडी असते, कॅसेट डेकसाठी दिलेली. डेक कधीच अडगळीत गेला असेल, पण ही जोडी हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरला अगदी योग्य आहे. तिच्यात आवाजाच्या नॉबच्या आणि ट्रेबल-बासच्या आधीचा सिग्नल येतो, म्हणजे सीडी असो की तबकडी, जे निवडलंय ते जसंच्या तसं. आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही जोडी बऱ्याचदा नसते, फक्त प्री आउट असतो. तिथे मुख्य नॉबचाही परिणाम होतो, हे ध्यानात ठेवून दोन नॉबांचा मेळ घालावा लागतो.

आजकाल बाजारात डॅक (म्हणजे डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा भाग) आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात मिळतात. संगणकावरून ऐकणाऱ्यांना ते सोयीचे. पण अशा काही खोक्यांच्या मागे फक्त यूएसबी आणि ऑप्टिकल असतं, आरसीएचं इनपुट नसतं. घरी टर्नटेबल असेल तर ते निरुपयोगी. घेण्याआधी मागच्या पॅनलचा फोटो मोठा करून बघा. सीडी प्लेयरमध्ये स्वतःचा डॅक असतोच, त्यामुळे त्याला नुसता अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायर पुरे.

बॅलन्स्ड जोडणीविषयी मला पुष्कळ जण विचारतात. चार पिनांचा एक्सएलआर किंवा ४.४ मिलिमीटरची पिन. ही दुसरी जपानच्या जेईटा संस्थेने २०१६ साली मानक केली. यात प्रत्येक कानाला दोन-दोन अ‍ॅम्प्लिफायर उलटसुलट चालतात, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट होतो. पण त्यासोबत आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो. एचई-६ असेल तर तो वाढीव व्होल्टेज उपयोगी आहे. ज्याला २.२ व्होल्ट पुरतात त्याला नाही. नव्या वायरीचा खर्च करण्याआधी वरचा वहीवरचा हिशेब एकदा करून बघावा.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर हा एक वेगळा प्रेमाचा विषय. बॉटलहेड कंपनीचा क्रॅक हा स्वतः जुळवायचा संच त्यात प्रसिद्ध आहे. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे मागचा रोध शंभर ओहमच्या वर जातो. म्हणून तो तीनशे ओहमच्या हेडफोनशी गोड वाजतो आणि बत्तीसच्या हेडफोनशी मुळीच जमवून घेत नाही. त्यातला खर्ज थोडा भरलेला येतो, त्याचं कारण तेच: रोधाचा वाटा. ज्याला तो भरलेपणा आवडतो त्याने खुशाल घ्यावा. ती आवड खोटी नाही. फक्त तो व्हॉल्व्हचा चमत्कार समजू नये. आणि आत शंभराच्या वर व्होल्ट खेळत असतात, म्हणून हात सांभाळून.

महाग म्हणजे चांगला, हा समज ज्याने मुळापासून हलवला त्याची आठवण इथे काढायलाच हवी. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने ओ-२ नावाच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. नेहमीचे, सहज मिळणारे ऑपअँप, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, आणि विचारपूर्वक आखलेला सर्किट बोर्ड. कुठला सुटा भाग का निवडला, ते त्याने मोजमापांसह मांडलं. कित्येक पट महाग अ‍ॅम्प्लिफायरच्या तोडीचे आकडे त्याने थोड्या खर्चात मिळवून दाखवले. २०१२ साली तो अचानक लिहायचा थांबला, आणि तो कोण होता ते त्याने कधीच सांगितलं नाही. त्याचा आराखडा मात्र अजून बनवला जातो. त्याच्यामुळे मला एक गोष्ट कळली: विरूपण ०.००१ टक्क्याच्या खाली गेलं की पुढचे दशांश ऐकू येणारे नाहीत. त्या शर्यतीत पैसे घालण्यापेक्षा नॉब, गेन, मागच्या जोड्या आणि दुरुस्तीची सोय यांकडे बघावं.

दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना मात्र आवाज सारखा ठेवायलाच हवा. ज्याचा आवाज अर्धा-एक डेसिबल मोठा, तो आपल्याला जास्त मोकळा, जास्त स्पष्ट वाटतो. दुकानात हे हटकून होतं. आणि मोठ्या आवाजाची सवय धोक्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावं. दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर घरात असेल तर उठताना नॉब खाली आणून ठेवायची सवय लावावी. नंतर कुणी लहान मूल हेडफोन कानाला लावू शकतं. चालू-बंद करतानाही हेडफोन कानावर नको. रिलेने उशिरा जोडणारं संरक्षण नसेल तर धप्पकन आवाज येतो.

खरेदीला जाताना, पुण्यात तापकीर गल्ली असो की मुंबईत लॅमिंग्टन रोड, मी चार गोष्टी पिशवीत टाकतो: स्वतःचा हेडफोन, जाड-बारीक पिनांचा अ‍ॅडॉप्टर, मल्टिमीटर आणि ३३ ओहमचा एक रेझिस्टर. आउटपुट इम्पीडन्स विचारला तर दुकानदार बऱ्याचदा सांगू शकत नाही, आणि कंपनीनेही तो कधी कधी छापलेला नसतो. तो पाच मिनिटांत मोजता येतो. फोनमधून ५० हर्ट्झचा सलग सूर सोडायचा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटवर अर्धा व्होल्ट दिसेपर्यंत नॉब फिरवायचा. मग नॉबला हात न लावता तिथे ३३ ओहमचा रेझिस्टर जोडायचा आणि आकडा किती घसरतो ते बघायचं. निम्म्यावर आला तर मागे ३३ ओहम आहेत. जवळजवळ हललाच नाही, तर एखादा ओहमही नाही.

माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटवर ही चाचणी केली तेव्हा ५०० मिलिव्होल्टचे ४५ झाले होते. नव्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर ५०० चे ४९४ झाले, म्हणजे सुमारे ०.४ ओहम. तो मी टेप आउटला जोडला, आणि आधी जी मैफल ऐकत होतो तीच पुन्हा लावली. डग्गा तबलजीच्या गुडघ्यापाशी परत गेला. गायकाच्या मागे दोन तंबोरे होते. त्यातला उजवीकडचा किंचित उतरलेला आहे, हे त्या रात्री मला पहिल्यांदा ऐकू आलं.